पंच्याहत्तरीचं पाणी

वामनराव मोहोडांची पंच्याहत्तरी भरत आली, ही गोष्ट त्यांच्याआधी त्यांच्या धाकट्या मुलाला कळली. कुंदनचं बिऱ्हाड अकोल्यात, मत मात्र खारधामणीत. जिल्हा परिषदेची निवडणूक जवळ आली की त्याला गाव आठवायचं, गाव आठवलं की बाप आठवायचा, आणि या खेपेला बापाचं वयही आठवलं. एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर ही वर्षं बिचारी कोणी न विचारता गेली होती. पंच्याहत्तराव्याच्या नशिबी मात्र मांडव, बँड, सातशे माणसांचे रोडगे आणि अकोल्याहून येणारे एक मोठे पाहुणे होते.

नुसत्या शाल-नारळासाठी मोठे पाहुणे येत नाहीत. म्हणून कुंदननं आठ दिवस आधी मोफत आरोग्य शिबिर घेतलं. शाळेच्या वऱ्हांड्यात टेबलं लागली, प्रणाली नावाची एक तरुण डॉक्टरीण आली आणि दोनशे अकरा माणसांचं रक्त घेतलं गेलं. प्रत्येकाला त्या बदल्यात एक केळं आणि कुंदनचा फोटो छापलेली कापडी पिशवी मिळाली. रिपोर्ट सत्काराच्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते वाटायचे, असं पत्रिकेतच छापलं होतं. पत्रिका छापताना रिपोर्टात काय निघेल याचा विचार करायचा असतो, हे कुंदनला कोणी सांगितलं नव्हतं.

खारधामणी दर्यापूर तालुक्यातली. तालुक्याच्या नावात दर्या आहे, तालुक्यात नाही. तो पाचशे किलोमीटर पलीकडं, मुंबईकडं. गावातली तीन माणसं आजवर तो पाहून आली होती आणि तिघांनीही परत येऊन एकच सांगितलं, की पाणी आपल्यासारखंच हाय, फक्त जास्त हाय. खारपाणपट्टा म्हणतात या भागाला. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा नासतो, साबणाला फेस येत नाही. नव्या सुना सासूच्या बोलण्यानं नाही, आंघोळीच्या पाण्यानं रडतात.

शकुनही रडली होती. ती वामनरावांची थोरली सून, गोपालची बायको, माहेर नांदगाव खंडेश्वरचं. त्याला सव्वीस वर्षं झाली. आता ती रडत नव्हती, फक्त संध्याकाळी पाय सुजायचे आणि जिना चढताना धाप लागायची. सत्तेचाळिसाव्या वर्षी असं होतच असेल, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. शिबिरात तिनं रक्त दिलं ते सुद्धा घरातल्या बायका आल्या नाहीत तर बरं दिसत नाही म्हणून.

या गावात गोडं पाणी कधी येणारच नव्हतं अशातली गोष्ट नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी वामनराव सरपंच असताना नळयोजना गावाच्या वेशीपर्यंत आली होती. पण टाकीला उंच जागा लागते, आणि गावातली उंच जागा नेमकी बौद्ध वस्तीत होती, धर्मपाल राहायचा तिथं. तिकडून पाणी इकडं यावं, हे वामनरावांना पचण्यासारखं नव्हतं. आता असलं कारण ठरावात लिहिता येत नाही. म्हणून ठरावात लिहिलं, की गावची विहीर पुरेशी असून तिचं पाणी आरोग्यास हितकारक आहे. योजना शेजारच्या गावी गेली. तिथल्या डाळी शिजू लागल्या. वामनरावांनी मात्र त्या दिवसापासून विहिरीच्या पाण्याचं कीर्तन जे सुरू केलं ते अजून संपलं नव्हतं.

दहा वर्षांपूर्वी त्यांना मुतखडा झाला. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं, हे पाणी बंद करा. वामनरावांनी लगेच बंद केलं. बंद केलं म्हणजे स्वतःपुरतं, आणि गुपचूप. तेव्हापासून दर आठवड्याला अकोल्याहून गोड्या पाण्याचे तीन कॅन पोत्यात गुंडाळून दुधाच्या गाडीनं येत. गावाला सांगितलं होतं, फवारणीचं औषध हाय. बारा एकरांत एवढं औषध मारणारा शेतकरी पंचक्रोशीत दुसरा नव्हता. कॅन कोठीत जात, कोठीची किल्ली शकुनच्या कमरेला असे, आणि रोज सकाळ-संध्याकाळ ती सासऱ्यांचा तांब्या भरून ओसरीवर नेऊन ठेवी. तो तांब्या वर धरून वामनराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "विहिरीचं हाय. पंच्याहत्तरीले आलो, गुरद्याले काई झालं?"

तर सत्काराच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, शकुन मागच्या अंगणात मदतीला आलेल्या आशाबाईबरोबर रोडग्यांची कणीक पाहत होती. कुंदननं आतून हाक मारली.

"वैनी, जरा आत येजा. आन् येता येता चहा आणजा."

चहा घेऊन ती आत गेली तेव्हा सगळं घर बसलेलं होतं. वामनराव पलंगावर. त्यांची मुलगी बेबीताई, तिवस्याहून आदल्याच दिवशी आलेली, खाली चटईवर. कुंदनची बायको रूपाली कूलरच्या तोंडाशी. गोपाल दाराला टेकून उभा. बापाच्या खोलीत तो नेहमी दाराला टेकूनच उभा असे. त्याला कोणी कधी बस म्हटलं नव्हतं, आणि तोही कधी बसला नव्हता.

"वैनी, घाबरू नका," कुंदन म्हणाला. हे वाक्य ऐकल्याबरोबर शकुन घाबरली. "तुमचा रिपोर्ट थोडासाक वर आला हाय."

"काय वर आलं?"

"क्रिएटिनिन. किडनीचं असते ते. एकच्या आसपास पाह्यजे. तुमचं तीन पॉइंट एक हाय."

"अवो माय! म्हंजे तिप्पट!" बेबीताई म्हणाली. बेबीताईचं गणित पहिल्यापासून चांगलं.

"तशी मशीनची गरज नाई अजून," कुंदन घाईनं म्हणाला. "डॉक्टरीणच म्हणे. पाणी बदला, बीपी सांभाळा, दुखण्याच्या गोळ्या खाऊ नका आन् अकोल्याले मोठ्या डॉक्टरले दाखवा. बस."

शकुननं ट्रे खाली ठेवला. मशीन म्हणजे डायलिसिस, हे तिला माहीत होतं. समोरच्या घरातले नत्थुजी दोन वर्षांपासून आठवड्यातून दोनदा अकोल्याला मशीनवर जात. सकाळच्या एसटीनं जात, संध्याकाळी येत तेव्हा त्यांचा मुलगा त्यांना एसटीतून उतरवी, जसं कापसाचं बोचकं उतरवावं.

"हे उपासानं झालं," बेबीताई म्हणाली. "गुरुवार करते, चतुर्थी करते. मी कवाची सांगून राहिली."

"तिखट किती खाते ते पाहा," वामनराव म्हणाले. "ठेच्याशिवाय घास उतरत नाई. पाण्याचा याच्यात काई संबंध नाई."

पाण्यानं झालं असं अजून कोणी म्हटलंच नव्हतं. कुंदननं म्हटलेलं 'पाणी बदला' हे त्यांनी कानाआड केलं असावं, किंवा केलं नसावं. सगळ्यांनी कूलरकडं पाहिलं.

"सोमवारी नेतो मी हिले," गोपाल दारातून म्हणाला.

गोपाल बोलला याचंच घराला इतकं आश्चर्य वाटलं की तो काय बोलला ते समजायला थोडा वेळ गेला.

"सोमवारी कसे नेसान भाऊ?" कुंदन म्हणाला. "जरा समजून घ्या. एकट्या वैनीचं असतं तं आज नेलं असतं. एकोणचाळीस लोकायचे रिपोर्ट असे हायेत. एकोणचाळीस! ते कागद उद्या वाटले तं लोक काय विचारतीन? नळ कोणी वापस पाठोला, हेच विचारतीन ना? बाबाचा सत्कार राहीन बाजूले. मी म्हणतो, उद्या सांगू का लॅबकडून यायचे हायेत. निवडणूक होऊ दे. दोन महिन्यानं वाटू."

"आन् तोवर?" गोपालनं विचारलं.

"तोवर लोक काई मरत नाईत," वामनराव म्हणाले. "इतके वर्षं पेत होते, अजून दोन महिने पेतीन."

"आन् शकुनताई अकोल्याले आल्या तं राहतीन कुठं?" रूपाली पहिल्यांदाच बोलली. "नाई म्हंजे, माहं काई नाई. पण आमच्या दोन खोल्या. त्यात पोराची बारावी."

"तिवस्याले आणली असती मी," बेबीताई तत्परतेनं म्हणाली, "पण तिवस्याले कुठं हाय किडनीचा डॉक्टर?" तिवस्याला डॉक्टर नसल्याचा आनंद तिला लपवता आला नाही.

"आन् रागिणीचं पाहा," कुंदननं शेवटचा पत्ता टाकला. रागिणी म्हणजे शकुनची मुलगी, अकोल्याला कृषी विद्यापीठात शेवटच्या वर्षाला. "सोयरीक पाहून राहिलो आपण. मायची किडनी खराब हाय, घरचं पाणी खराब हाय, असं झालं तं कोण येईन पाहाले? मी पोरीसाठीच सांगून राहिलो, वैनी."

सगळे तिच्याकडं पाहू लागले. तिची तब्येत कशी आहे हे कोणी विचारलं नव्हतं. ती गप्प राहील ना, एवढंच विचारायचं होतं, आणि तेही तिनं न विचारताच सांगावं अशी सगळ्यांची इच्छा होती.

"चहा थंडा होऊन राह्यला," शकुन म्हणाली आणि बाहेर गेली.

कोठीत आल्यावर तिनं दार लोटून घेतलं. ती कॅनच्या शेजारी पोत्यावर बसली. तिला नत्थुजी आठवले नाहीत, देव आठवला नाही. आठवलं ते एवढंच, की रागिणी शाळेत असताना ताप आला की पाणी मागायची आणि आपण तिला मटक्यातलं पाणी पाजायचो. कॅन इथंच, हाताच्या अंतरावर होते. किल्ली आपल्याच कमरेला होती.

दाराशी चाहूल लागली. रूपाली रिकामा तांब्या घेऊन उभी होती.

"बाबाले पाणी पाह्यजे," ती म्हणाली आणि मग खाली बसलेल्या शकुनला पाहून थबकली. "शकुनताई, रडून राहिल्या काय?"

"नाई. आण तांब्या."

शकुननं कॅन वाकवून तांब्या भरला. कॅन जड होता, घोटभर पाणी जमिनीवर सांडलं. तिनं पटकन पदरानं टिपलं. तूप सांडावं तसं टिपलं. रूपाली ते पाहत राहिली.

"एवढं काय पुसता? आठवड्याले तीन कॅन येतात ना."

"तीन पुरत नाईत कधीकधी. बाबाच्या डाळीले लागते, पाहुणे आले का चहाले लागते."

"तीन कॅन... तुमी तीन माणसं..." रूपाली हिशेब करत होती, आणि बेबीताईइतकं तिचं गणित चांगलं नसलं तरी तिला काहीतरी जुळेना. "ताई, तुमी कोणतं पेता?"

शकुन हसली. "आमी विहिरीचं पेतो. बाबा म्हणे, माहं वय झालं, तुमचे पोटं सवयीचे हायेत. ह्यायनं एक डाव गिलासभर घेतलं होतं यातलं, तं दोन दिवस बाबा जेवले नाईत."

"गोपालभाऊनं?"

"हो. आठ-नऊ वर्षं झाले."

रूपालीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. ती काही फार मोठ्या मनाची बाई नव्हती. आपल्या घरी पाहुणे नकोत, हे तिनं पाच मिनिटांपूर्वीच सांगितलं होतं आणि ते मनापासून सांगितलं होतं. पण दर शुक्रवारी ते कॅन तीच भरून आणवायची, तीच पोत्यात बांधायची, आणि दहा वर्षं तिला वाटत होतं की आपण गावाकडच्या घरासाठी एक चांगलं काम करतो. अकोल्याच्या वाड्यातल्या बायकांसमोर ती तसं बोलूनही दाखवायची. एवढं एकच पुण्य तिनं गाठीला बांधलं होतं, आणि ते सगळं एका म्हाताऱ्यानं एकट्यानं पिऊन टाकलं होतं.

"मी साऱ्यायसाठी पाठवत होती," ती म्हणाली. "कुंदनले माहीत हाय हे?"

"त्यायले विचार तू."

रूपालीनं विचारलं नाही. लग्नाला अठरा वर्षं झालेल्या बाईला काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत. तिनं कोपऱ्यातला पेला उचलला, तांब्यातलं पाणी त्यात ओतलं आणि शकुनसमोर धरला.

"पेऊन टाका."

"अवो, बाबाचं..."

"पेता का नाई?"

शकुन प्यायली. सव्वीस वर्षांत या घरात पहिल्यांदाच तिला माहेरची चव लागली, आणि तिला राग आला. आतापर्यंत भीती होती. राग आता आला.

"सोमवारी माह्या घरी या," रूपाली म्हणाली. "पोरगा समोरच्या खोलीत अभ्यास करन. नाई झाला पास तं नाई झाला, तसाही तो होत नाई."

रविवारी मांडव भरला. बँड वाजला, वामनरावांना फेटा बांधला गेला, शाल झाली, श्रीफळ झालं, साडेतीन फुटांचं मानपत्र झालं. मानपत्रात वामनरावांना 'जलपुरुष' म्हटलं होतं. ते कोणी लिहिलं कोण जाणे, पण ते वाचताना कुंदनला सुद्धा एकदा खोकला आला. मोठे पाहुणे दोन तास उशिरा आले आणि आल्याबरोबर त्यांनी घड्याळ पाहिलं.

मग वामनराव बोलायला उभे राहिले.

"लोक म्हणतात, या पट्ट्यातलं पाणी खराब हाय. किडनी जाते म्हणतात. मी म्हणतो, माह्याकडं पाहा! पंच्याहत्तर वर्षं मी आपल्या विहिरीचं पाणी पेऊन राहिलो. याच्यात लोह हाय, क्षार हाय, ताकद हाय! ज्याचं मन कमजोर त्याचा गुरदा कमजोर!" आणि त्यांनी टेबलावरचा तांब्या उचलून सर्वांसमोर गटागटा रिकामा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शकुन बायकांच्या बाजूला, कडेला उभी होती. तिच्या पुढच्याच खुर्चीत नत्थुजी बसले होते. आदल्याच दिवशी मशीनवरून आलेले. डाव्या हाताला पट्टी होती म्हणून ते उजव्या हातानं मांडीवर थापा मारून टाळी वाजवत होते. त्यांनी मान वळवून शकुनकडं पाहिलं.

"पाह्यलं पोरी? आमी दोघं एका वर्गात, एकाच विहिरीवर. तेच पाणी तो पेला, तेच मी पेलो. त्याचं कसं टुणटुणीत हाय! माहंच काईतरी चुकलं असन. मागच्या जल्माचं म्हण, नाईतं मन कमजोर म्हण."

त्यांच्या बोलण्यात हेवा नव्हता. त्यांना ते खरंच वाटत होतं. दोन वर्षं हा माणूस एसटीच्या खिडकीशी बसून आपलं काय चुकलं ते शोधत होता, आणि शकुन रोज समोरच्या ओसरीवर तांब्या नेऊन ठेवत होती.

ती वळली आणि मांडवाबाहेर पडली. रूपाली रांगोळीपाशी येणाऱ्या बायकांना हळदीकुंकू लावायला उभी होती.

"रूपाली, गाडीची किल्ली?"

किल्ली रूपालीच्या पर्समध्येच होती. कुंदनच्या पांढऱ्या कुर्त्याचा खिसा फुगला तर फोटो चांगला येत नाही, म्हणून त्यानंच ती सकाळी बायकोकडं दिली होती. रूपालीनं एकदा व्यासपीठाकडं पाहिलं. नवरा हात जोडून हसत होता.

"डिकीत हाय रिपोर्टचं खोकं," ती म्हणाली. "जड हाय."

जड खोकं उचलायला गोपाल आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. बायको गाडीकडं चाललेली पाहून तो रोडग्यांच्या चुलीपासून उठून आला. शकुननं त्याला काही समजावलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. खोकं खांद्यावर घेताना एवढंच म्हणाला, "लवकर करायले पाह्यजे होतं आपण."

"हो," शकुन म्हणाली.

इकडं मोठ्या पाहुण्यांनी पत्रिका उघडली होती. "कुंदनराव, याच्यात रिपोर्टवाटप लिहिलं हाय माह्या हस्ते. ते कुठं हाय?"

"साहेब, ते लॅबकडून जरा..."

"आले," गोपाल म्हणाला आणि खोकं थेट व्यासपीठाच्या टेबलावर, मानपत्रावर ठेवलं.

कुंदनचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ओरडावं तर पाहुणे शेजारी, थांबवावं तर कॅमेरा समोर. शेवटी त्यानं जे त्याला चांगलं येत होतं तेच केलं. तो हसला आणि टाळ्या वाजवू लागला. पाहुणे खूश झाले. त्यांनी वरचं पहिलं पाकीट उचललं, नाव वाचलं आणि आशाबाईला व्यासपीठावर बोलावलं. कणकेचे हात पदराला पुसत ती आली.

"हसा बाई, फोटो हाय," पाहुणे म्हणाले.

आशाबाई हसली. फोटो निघाला. खाली उतरून तिनं पाकीट फोडलं आणि शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं. मग ती हसली नाही.

पाच-सहा पाकिटं झाल्यावर मांडवात कुजबूज वाढली. तुझा किती, माझा किती. शेवटी डॉक्टर प्रणाली स्वतःच माइकपाशी आली. तिला वाटत होतं की वाईट आकडे आलेल्यांना आधीच कळवून झालं. आताच तिला कळत होतं की तसं नव्हतं.

"ज्यांच्या कागदावर लाल खूण आहे त्यांनी घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. एकोणचाळीस जण आहेत. सगळं पाण्यामुळंच झालं असं मी म्हणणार नाही. बीपी असतं, साखर असते, अंगदुखीच्या गोळ्या असतात. ज्याचं त्याचं तपासावं लागेल. पण हे पाणी पिऊ नका. आजपासून नको."

"मंग कोणतं पेवा?" मागून कोणीतरी विचारलं.

धर्मपाल उभा राहिला. सत्तरीचा माणूस, हातात पाकीट. "मॅडम, एक विचारतो. सत्तावीस वर्षांआधी आमच्या वस्तीतल्या टाकीचं पाणी जर या गावानं पेलं असतं, तं हे आकडे किती आले असते?"

"ते मला सांगता येणार नाही, काका."

"तुमाले नाई, बरोबर हाय," धर्मपाल म्हणाला आणि व्यासपीठाकडं पाहत सावकाश खाली बसला.

मोठ्या पाहुण्यांना त्याच क्षणी दुसरा कार्यक्रम आठवला. ते निघाले, त्यांच्यामागं कुंदन धावला, कुंदनमागं फोटोवाला. बेबीताईनं परिस्थिती पाहिली आणि भावाच्या बाजूची खुर्ची सोडून ती बायकांत येऊन बसली. "मी कवाची सांगून राहिली होती, पाणी खराब हाय," ती शेजारणीला म्हणाली.

व्यासपीठ रिकामं झालं तसं शकुननं टेबल खाली ओढून घेतलं. गोपाल पाकिटं काढून द्यायचा, ती नाव वाचायची, माणसाच्या हातात कागद द्यायची. वाचता येत नसेल त्याला बाजूला डॉक्टरणीकडं पाठवायची. रांग लागली. शिव्या देण्याची वेळ नंतर येणार होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आधी प्रत्येकाला आपापला आकडा पाहायचा होता. मध्येच नत्थुजीही आले, त्यांचा कागद नव्हताच, त्यांनी रक्त दिलं नव्हतं.

"मले काय नवं सांगते कागद," ते म्हणाले आणि तिथंच थांबले.

तेवढ्यात वामनराव आले. फेटा डोक्यावर होता, शाल एका खांद्यावरून घसरली होती. लोकांनी सवयीनं त्यांना पुढं जागा करून दिली.

"माहा कुठं हाय?"

गोपालनं खोक्यात हात घातला आणि पाकीट बायकोकडं दिलं. त्यानं बापाकडं पाहिलं नाही. शकुननं कागद उलगडला. वरपासून खालपर्यंत वाचला.

"तुमचा चांगला हाय, बाबा," ती म्हणाली. "सारं नॉर्मल. झीरो पॉइंट नऊ. साऱ्या गावात एवढा चांगला कोणाचाच नाई."

मागं उभी असलेली माणसं कान देऊन पुढं सरकली. एरवी हे वाक्य वामनरावांनी माइकवरून दोनदा सांगितलं असतं. त्यांनी कागद घेतला, दूर धरला, जवळ धरला, नत्थुजींकडं पाहिलं. नत्थुजी त्यांच्याकडंच पाहत होते, अगदी साध्या नजरेनं, वर्गातल्या पोरानं दुसऱ्याच्या पाटीकडं पाहावं तसं.

"मशीन चुकली असन," वामनराव म्हणाले.

"मंग माहाही चुकलाच असन," शकुन म्हणाली.

वामनरावांनी फेटा नीट केला. कागदाची घडी घातली, पण ती ठेवायची कुठं ते त्यांना सुचेना.

"तुहा किती आला?" त्यांनी हळूच विचारलं. काल ते त्याच खोलीत बसले होते, त्यांच्यासमोर कुंदननं आकडा सांगितला होता. त्यांनी ऐकला नव्हता.

"तीन पॉइंट एक."

"आन् गोपालचा?"

"दीडच्या वर."

नत्थुजींनी एकदा तिच्याकडं, एकदा वामनरावांकडं पाहिलं. एका घरातले तीन आकडे होते. शाळेत नत्थुजी वामनरावांपेक्षा हुशार होते, असं गावातली जुनी माणसं अजून सांगतात. त्यांना वेळ लागला नाही.

"वामन," ते म्हणाले, "तू कोणतं पाणी पेत होता रे?"

वामनराव टेबलाची कड धरून उभे राहिले. शकुननं पुढचं पाकीट हातात घेतलं, नाव वाचलं आणि वर पाहिलं.

"बाजूले सरका, बाबा," ती म्हणाली. "मांगं लोक उभे हायेत."